नखाएवढ्या माणसाची उंची

माझ्या मामांनी चौतीस वर्षं झाडं मोजली. छंद म्हणून नाही, पोटापाण्यासाठी. शहराच्या उद्यान खात्यात ‘वृक्षमापक’ नावाचं एक पद होतं आणि त्या पदावर ते एकटेच होते. सकाळी खांद्याला पिशवी लावून निघायचं, एकेका रस्त्यावरची झाडं घ्यायची, छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर घ्यायचा, मग लांब जाऊन डोळ्यासमोर काठी धरून उंची काढायची, वहीत लिहायची आणि खोडावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या अक्षरातल्या नोंदी बावीस हजार चारशे अकरा भरल्या होत्या. शेवटची नोंद त्यांच्याच निरोपाच्या कार्यक्रमात मोठ्या साहेबांच्या हस्ते लावलेल्या रोपाची होती. उंची एक फूट दोन इंच. शेऱ्याच्या रकान्यात मामांनी लिहिलं होतं, ‘खड्डा उथळ.’

मामा भांडखोर नव्हते. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. पण मापात इकडचं तिकडे करायला सांगितलं की ते अवघडल्यासारखे उभे राहायचे आणि ऐकायचे नाहीत. मोठ्या बागेत ‘शहरातील सर्वांत मोठा वृक्ष’ अशी संगमरवरी पाटी लावलेलं एक झाड होतं. पाहुणे आले की त्यांना तिथे उभं करून फोटो काढायची पद्धत होती. नोकरीच्या अकराव्या वर्षी मामांना बस डेपोच्या मागे, टायरांच्या ढिगाशेजारी, घेराने नऊ इंच मोठं झाड सापडलं. त्यांनी रीतसर कळवलं. साहेब म्हणाले, “अहो, नऊ इंचांनी काय होतं?” मामा म्हणाले, “मोठं होतं.” या उत्तराबद्दल त्यांना रोपवाटिकेत कुंड्या मोजायला पाठवलं. मामांनी कुंड्या मोजल्या. त्या दप्तरातल्या आकड्यापेक्षा तीनशेने कमी निघाल्या, आणि चौथ्या महिन्यात खात्याने त्यांना घाईघाईने झाडांकडे परत पाठवलं.

मामी घरी शाळांचे गणवेश शिवायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, गळ्यात कापडी टेप. त्यामुळे त्या घरात दोन टेप नांदत होते. मामांचा पन्नास फुटी, चामड्याच्या डबीतला; मामींचा साठ इंची, टोकाला पत्रा लावलेला. एकमेकांच्या टेपला हात लावायचा नाही हा त्यांच्यातला अलिखित करार होता आणि संसार त्यावरच टिकला असं मामी म्हणायच्या.

मामा निवृत्त होऊन घरी बसले आणि मामींच्या नाकी नऊ आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळे दरवाजे मोजले. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फळी डावीकडे अर्धा इंच उतरती आहे, असं त्यांनी मामींच्या कानावर घातलं. त्या फळीवर मामींनी अठ्ठावीस वर्षं डबे ठेवले होते आणि एकही घसरला नव्हता. मी भेटायला गेले तेव्हा मामी मला दारातच म्हणाल्या, “तुमच्या ऑफिसात काही मोजायचं असेल तर यांना घेऊन जा. नसलं तरी घेऊन जा.”

माझं ऑफिस म्हणजे लिलावघर. जुनी घड्याळं, गालिचे, चित्रं, पेट्या, कोणाच्या तरी आजोबांच्या काठ्या असं काहीबाही तिथे विकायला येतं. त्या वस्तूंची यादी लिहायचं काम माझं. यादी म्हणजे पुस्तकच असतं. वस्तू काय, कधीची, कुठे टवका उडालाय, सगळं त्यात छापावं लागतं. आमचे साहेब स्वतः लिलाव पुकारतात. एरवी हळू, गुळगुळीत बोलतात, पण हातात हातोडी आली की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूसही ताठ बसतो.

मामी दारात तसं म्हणाल्या त्याच सुमाराला आमच्याकडे एक फोटो आला. दोन फूट उंच, तपकिरी, जाड चौकटीत. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी कोणी फोटोग्राफर खेचरांवर काचा लादून डोंगरात गेला आणि तिथल्या अवाढव्य झाडांचे फोटो काढून आला, त्यातला हा. त्या काळी फोटो मोठा करायची सोय नव्हती. जेवढा फोटो हवा तेवढीच काच कॅमेऱ्यात घालावी लागे. त्यामुळे त्यातलं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं. समोरच्या कड्यावरून काढलेला असल्यामुळे तीन झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण दिसत होती आणि मधल्या झाडाच्या पायथ्याशी, करंगळीच्या नखाएवढा, एक माणूस कुऱ्हाड टेकवून उभा होता. मागच्या बाजूला फोटोग्राफरच्या हातचं शाईत लिहिलेलं होतं: ‘मधल्या वृक्षाची उंची तीनशे साठ फूट. पायथ्याचा माणूस सहा फूट.’

फोटो आणला होता एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. मोठं घर विकून त्या दोन खोल्यांत राहायला चालल्या होत्या आणि तिथल्या एकाही भिंतीवर तो मावत नव्हता. तो नखाएवढा माणूस त्यांचे पणजोबा. बाई माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची हनुवटी आणि माझ्या टेबलावरचा कागदांचा ढीग एका पातळीत होते. पण आवाज असा, की मी नकळत उठून उभी राहिले.

“पणजोबा सहा फुटी होते,” त्या म्हणाल्या. “ते यादीत नीट येऊ द्या.”

साहेबांना हा फोटो म्हणजे त्या वर्षातली पर्वणी वाटत होती. परगावच्या एका संग्रहालयाने आधीच चौकशी केली होती. साहेब म्हणाले, “झाडांतल्या एखाद्या जाणकाराची एक ओळ मिळाली तर बघ. तीनशे साठ फूट बरोबर आहे, एवढंच. एक ओळ.”

मी म्हटलं, “माझे मामा आहेत.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं साहेब नंतर चार दिवस मला सांगत होते.

मामा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. फोटो हिरव्या कापडाच्या टेबलावर आडवा ठेवला होता. मामांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा बदलला, वाकून पाहिलं आणि मग खुर्ची ओढून बसले. पंधरा मिनिटं त्यांनी टेपच्या डबीला हात लावला नाही. मला जरा काळजी वाटायला लागली.

“बरं वाटतंय ना मामा?”

“मी मोजलेलं सगळ्यात उंच झाड एकशे बारा फूट,” ते म्हणाले. “ते याच्या पहिल्या फांदीलासुद्धा पोचलं नसतं.” बोटाने खोड दाखवत म्हणाले, “याच्या घेराला माझा टेप दोनदा लावावा लागला असता. मध्ये खूण करून.”

आणि मग त्यांनी वही काढली.

साहेबांना वाटलं होतं, मामा चहा पितील, ओळ लिहितील आणि जातील. मामांनी पहिला दिवस नुसता दोरा घेऊन काढला. आमच्या टपाल तिकिटांच्या विभागातून रेघा आखलेलं भिंग मागून घेतलं. मधल्या झाडावर दोरा धरायचा, तो माणसाच्या मापाने मोजायचा, लिहायचं, पुन्हा मोजायचं. संध्याकाळी उत्तर आलं: झाड म्हणजे एकावर एक साठ माणसं.

“मग झालं की,” साहेब म्हणाले. “साठ गुणिले सहा. तीनशे साठ.”

“माणूस सहा फूट असेल तर,” मामा म्हणाले.

“मागे लिहिलंय तसं.”

“झाडाची उंचीही मागेच लिहिलीय. ती तपासायला तुम्ही मला बोलावलंत.”

साहेब हसले, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली असावी, कारण जाताना त्यांनी मला विचारलं, “हे तुझे सख्खे मामा?”

दुसरा दिवस कुऱ्हाडीत गेला. मामांचं म्हणणं असं: माणसाने कुऱ्हाड शेजारी उभी टेकवली आहे आणि तिचा दांडा त्याच्या कोपरापर्यंत आलाय. सहा फुटी माणसाच्या कोपरापर्यंत यायला कुऱ्हाड तीन फूट दहा इंच लांब हवी. खात्यातल्या माळ्यांच्या कुऱ्हाडी मामांनी आयुष्यभर पाहिलेल्या; त्या तीन फुटांच्या आसपास. तरीही खात्री असावी म्हणून ते दुपारी बाहेर पडले आणि लोखंडी सामानाच्या चार दुकानांत जाऊन एकोणीस कुऱ्हाडी मोजून आले. चौथ्या दुकानदाराने विचारलं, नक्की काय करायचंय कुऱ्हाडीने. मामा म्हणाले, एका माणसाची उंची कमी करायचीय. दुकानदार त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा राहिला.

“तीन फुटांपेक्षा लांब एकही नाही,” मामांनी साहेबांना सांगितलं. “पण त्या काळात लांब दांडे करत असतील. एकट्या कुऱ्हाडीच्या साक्षीवर मी सही करणार नाही.”

“मग तीनशे साठवर करा.”

“त्यावर तर मुळीच नाही.”

छापखान्याला यादी द्यायला दोन दिवस उरले होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी भिंतीकडे.

तिसऱ्या दिवशी मामा डबा घरी विसरले. दुपारी मामी तो घेऊन आल्या. गळ्यात टेप तसाच. मशीनवरून उठून आल्या होत्या. मामा टेबलावर ओणवे झालेले पाहून त्या म्हणाल्या, “आधी जेवून घ्या. तो मेलेला माणूस कुठे पळून जात नाही.”

“अगं, याची उंची लागत नाहीये.”

“बघू.” मामींनी त्यांच्या हातातलं भिंग काढून घेतलं. वाकल्या. एक डोळा मिटला. मी डबा उघडायला लागले तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हा कोट याचा नाही.”

मामा डब्याकडे वळले होते, ते पुन्हा फोटोकडे आले.

“खांद्याची शिवण बघा, दंडावर उतरलीय. बाही दोनदा दुमडलीय, तरी बोटांच्या पेरांपर्यंत येतेय. खिसा मनगटापाशी हवा, तो मांडीच्या मध्यावर गेलाय. हा कोट सहा फुटी माणसाचा आहे, यात वाद नाही. पण तो माणूस फोटोत नाही.” त्या सरळ झाल्या. “फोटो काढणाऱ्याचाच असेल. थंडी असेल, दिला असेल. नाहीतर मोठा दिसावा म्हणून घातला असेल.”

“मग आतला केवढा?”

मामींनी पुन्हा भिंग लावलं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेची मुलं अंगासकट कापडात बसवली होती. पुढच्या वर्षी पोरगं किती वाढेल ते त्या चेहरा बघून सांगायच्या. “पोरगा नाही हा. मिशी आहे, आणि छाती भरलेली आहे. बुटका, पण दणकट. चार फूट आठ. अगदी ओढून ताणून नऊ.”

मामांनी वहीचं पान उलटून दाखवलं. कुऱ्हाड तीन फूट धरून त्यांचं उत्तर आदल्या रात्रीच निघालं होतं, चार फूट आठ इंच. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांची मापं पहिल्यांदाच जुळली होती. मामी डबा पुढे सरकवत म्हणाल्या, “जेवा. गार होतंय.”

साठ गुणिले चार फूट आठ इंच. दोनशे ऐंशी फूट. झाड एका दुपारीत ऐंशी फुटांनी खाली आलं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “मामासाहेब,” ते म्हणाले, पहिल्यांदाच साहेब लावून, “आपण फक्त ‘अतिउंच’ असं लिहूया का?”

“अतिउंच हे माप नाही.”

“‘सुमारे तीनशे साठ’?”

“सुमारे दोनशे ऐंशी लिहा.”

“अहो, पण संग्रहालयाला आकडा आधीच सांगून बसलोय मी. आणि त्या बाई? त्यांच्या पणजोबांना मी सोळा इंचांनी कापू?”

कापायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी बाईंना बोलावून घेतलं. मामा, मामी, साहेब आणि मी असे चौघं टेबलाच्या एका बाजूला, आणि बाई दुसऱ्या बाजूला एकट्या. तरी पालक आम्ही आणि तक्रार त्यांची, असंच वाटत होतं. मामांनी दोरा, कुऱ्हाड, साठ माणसं, सगळं सावकाश समजावलं. मामींनी कोट सांगितला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “आमचे पणजोबा सहा फुटी होते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे.”

“त्यांना पाहिलेलं कोणी?” मामांनी विचारलं.

“ते तिशीतच गेले. पणजीने पाहिलं होतं. पण ती त्यांच्या उंचीबद्दल कधी बोलली नाही.”

“घरात आता उंच कोण आहे?”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मामांनी हे टोचायला विचारलं नव्हतं. त्यांना वहीत लिहायला माहिती हवी होती. बाई पर्स उचलून उठल्या आणि आल्या तशा ताठ मानेने निघून गेल्या. खुर्चीवरून त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यामुळे उठताना एक छोटी उडी मारावी लागली. ती मी पाहिली नाही असं दाखवलं.

“गेला फोटो,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावघर उघडायच्या आत बाई पायरीवर उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी. आत येऊन त्यांनी पिशवीतून बुटांचा एक जोड काढून टेबलावर ठेवला. जुने, कडक झालेले, घोट्याच्या वर येणारे. मामींच्या वितीपेक्षा एखादं पेर लांब असतील, नसतील.

“पणजोबांचे लहानपणचे बूट म्हणून घरात ठेवलेत,” बाई म्हणाल्या. “शाळेच्या नाटकात मी घातले होते. माझ्या आईनेही घातले होते. काल रात्री मी ते उलटे करून पाहिले.”

त्यांनी बूट उलटे केले. तळव्याला चढावर पाय घसरू नये म्हणून मारलेले जाड खिळे होते, झिजून गुळगुळीत झालेले.

“असे खिळे लहान मुलाच्या बुटाला कोण मारतं?” त्या म्हणाल्या. “आणि झिजवेपर्यंत कोण चालतं? मी छत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, समोर आहे ते बघा, पाठ केलेलं लिहू नका. आणि हे बूट सत्तर वर्षं माझ्या घरात.”

मामांनी विचारलं, “मोजू?”

“मोजा.”

मामांनी मोजले. मग बाई खुर्चीवर बसल्या आणि एकदम मोकळ्या आवाजात बोलायला लागल्या. जिन्याच्या वळणावर तो फोटो होता. घरातल्या प्रत्येक मुलाला तिथे उभं करून सांगायचे, हे बघ, केवढे होते, आणि तू. सगळ्यांना वाटायचं की उंच रक्त कुठेतरी मध्येच संपलं. त्यांचा धाकटा भाऊ तर चौदाव्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळायचा, पणजोबांसारखा व्हायचं म्हणून. “त्याचे हात लांब झाले,” बाई म्हणाल्या. “बाकी काही झालं नाही.”

मग त्या साहेबांकडे वळल्या. “दोनशे ऐंशी छापा. पणजोबा चार फूट आठ इंच. आणि कोट दुसऱ्याचा, हेही.”

वस्तूच्या मालकिणीनेच सांगितल्यावर साहेबांनी हात टेकले. यादी तशीच छापून आली. छापखान्यातून फोन आला होता, ‘कोट दुसऱ्याचा’ ही चूक आहे का म्हणून. मी म्हटलं, चूक होती, आता दुरुस्त केलीय.

लिलावाच्या दिवशी आमचा मोठा हॉल भरला होता. साहेबांनी मामा-मामींना पुढे, बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. कोणी आकड्यावर शंका काढली तर उत्तर द्यायला. बाई त्यांच्या शेजारी, खाली पाय ठेवायला एक जाडजूड पुस्तक घेऊन. संग्रहालयाचा माणूस फोनवर होता आणि तो फोन माझ्या कानाला होता. आमच्याकडचा सगळ्यात उंच हमाल फोटो छातीशी धरून उभा राहिला, आणि बोली सुरू झाली.

सुरुवातीला चार-पाच जण होते. मग हळूहळू गळाले आणि फोन एकटा राहिला. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी हातोडी उचलली.

“एक मिनिट,” मामा उभे राहून म्हणाले. “मागच्या रांगेत, खांबाच्या डावीकडे, जमिनीपासून साधारण सहा फुटांवर एक हात आहे. बऱ्याच वेळापासून.”

सगळे वळले. मागच्या रांगेत गालिच्यांचे तीन धिप्पाड व्यापारी उभे होते आणि त्यांच्या खांद्यांच्या मधून एक हात खरोखरच वर आला होता. हात लांब होता. माणूस दिसत नव्हता.

“बोली आहे का आपली?” साहेबांनी विचारलं.

“मघापासून आहे,” व्यापाऱ्यांच्या मागून आवाज आला.

बाईंनी मान वळवली नाही. नुसतं म्हणाल्या, “हा माझा भाऊ.”

सहा वर्षांपूर्वी फोटो बाईंच्या वाट्याला गेला तेव्हापासून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. वर्तमानपत्रात लिलावाची जाहिरात पाहून तो आला होता, पणजोबांना सोडवून न्यायला. यादी त्याने घेतली नव्हती. गालिचेवाल्यांनी वाट दिली आणि तो पुढे आला: पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सूट, बाईंच्याच वळणाचं नाक, बाईंएवढीच उंची. फोनने आकडा वाढवला. त्याने हात वर केला. फोनने वाढवला. पुन्हा हात. साहेब पाण्यात सोडलेल्या माशासारखे खुलले. माझ्या कानातला माणूस विचारत होता, समोर कोण आहे? मी म्हटलं, घरचेच आहेत.

आकडा अशा ठिकाणी गेला की भावाच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तरी हात वर गेलाच. तेव्हा बाई उठल्या.

“पुरे कर. ते चार फूट आठ इंच होते.”

“कोण?”

“पणजोबा.”

साहेबांनी हातोडी हवेतच धरली. लिलावात बोली लावणाऱ्याशी मध्येच बोलायचं नसतं, पण हे बाईंना सांगणार कोण?

“कोण म्हणतं?” भावाने विचारलं.

“हे म्हणतात. त्या म्हणतात. आणि ते बूट म्हणतात, तुझ्याही पायात बसायचे ते. त्यांनी कोट दुसऱ्याचा घातलाय. जवळ जाऊन बघ.”

तो हमालापाशी गेला. हमालाने फोटो खाली आणला. मामींनी पर्समधून भिंग काढून दिलं. ते त्यांनी तिकीट विभागाला अजून परत केलं नव्हतं. भाऊ बराच वेळ बघत राहिला. त्याचे खांदे हळूहळू सैल झाले. मग त्याने मामांना अगदी हळू विचारलं, “म्हणजे मी यांच्यापेक्षा उंच आहे?”

मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तीन-साडेतीन इंचांनी. नक्की सांगायचं तर बूट काढावे लागतील.”

“साहेब,” भाऊ म्हणाला, “माझी शेवटची बोली मागे घेता येईल का?”

नियमाने येत नाही. पण साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फोनवर विचारलं, आणि संग्रहालयाचा माणूस म्हणाला की तो तेवढ्याच आकड्याला घ्यायला तयार आहे, फक्त बुटांचा एक फोटो सोबत मिळाला तर बरं. हातोडी पडली. साहेबांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा तो जरा खाली होता आणि चार दिवस ज्याची धास्ती घेतली होती त्यापेक्षा बराच वर. त्यांनी घाम पुसला आणि पुढच्या वस्तूला, एका बंद पडलेल्या घड्याळाला, हात घातला.

लिलाव संपल्यावर मी सगळ्यांना माझ्या खोलीत चहाला नेलं. भाऊ कपाटाला पाठ लावून उभा राहिला. बूट काढलेले. “लेखी द्या,” तो मामांना म्हणाला. “तारखेसकट.” मामांनी त्याच्या डोक्यावर पट्टी आडवी ठेवली, कपाटावर पेन्सिलीची खूण केली आणि वहीचं पान फाडून दिलं. चार फूट साडेअकरा इंच. त्याने ते घडी करून आतल्या खिशात ठेवलं.

“आता माझी,” बाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या, कपाटाला टेकल्या. मामांनी खूण केली. ती भावाच्या खुणेच्या पाव इंच वर पडली.

“अंबाडा धरलात तुम्ही,” भाऊ म्हणाला.

“अंबाडा मागे आहे, वर नाही,” मामी म्हणाल्या.

“थोडा वर आहे.”

“मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. मी उंच असणारच.”

“या वयात त्याचा काय संबंध, ताई?”

मामांनी पट्टी पुन्हा ठेवली, अंबाडा बोटाने दाबला, वाकून पाहिलं. बराच वेळ लावला. दोघं श्वास धरून उभे होते, आणि त्यांचा चहा टेबलावर तसाच निवत होता. शेवटी मामा म्हणाले की पाव इंच आहेच, पण दुपारनंतर माणूस थोडा दबतो, तेव्हा दोघांनाही सकाळी मोजलं पाहिजे, एकाच वेळी आणि एकाच भिंतीला.

“कोणाच्या भिंतीला?” बाईंनी विचारलं.

“तुझ्या तर नाहीच,” भाऊ म्हणाला. “तुझी फरशी उतरती आहे.”

असं भांडत दोघं जिना उतरून गेले. खाली रस्त्यावर त्यांचे आवाज खूप वेळ येत होते. मामी खिडकीतून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, दोन रिक्षा थांबवल्या होत्या, एक परत पाठवलीय.